छप्पर खणलं की कौलं काढली? चार शुभवर्तमानं शेजारी शेजारी वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणापासून गुड फ्रायडेच्या उपासनेत ‘वधस्तंभावरील सात उद्गार’ ऐकत आलात. यंदा पहिल्यांदाच मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चारही शुभवर्तमानं, म्हणजे नव्या करारातली येशूची चार चरित्रं, सलग वाचली, आणि लक्षात आलं की सातही उद्गार एकाही पुस्तकात एकत्र नाहीत. मग येशूचे शेवटचे शब्द नेमके कोणते? कोणाचं खरं धरायचं? आणि चौघांची तुलना करायची तर सुरुवात कुठून करायची?

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. एक उद्गार मार्क आणि मत्तय यांच्यात आहे, तीन फक्त लूकमध्ये आहेत आणि तीन फक्त योहानात. सात हा आकडा आपण बेरजेने मिळवला आहे. बेरीज करण्यात पाप नाही, पण ती सगळ्यात शेवटी करायची. आधी चौघांना चार माणसं म्हणून ऐकायचं. गेली सत्तावीस वर्षं मी नव्या कराराचे वर्ग घेतो, कधी पाळकपणाचं शिक्षण घेणाऱ्यांचे, कधी मंडळीतल्या साध्या लोकांचे. पहिल्या काही वर्षांत मी भिंतीवर एक मोठा तक्ता लावत असे. चारही पुस्तकांतल्या घटना त्यात एका ओळीत गुंफलेल्या होत्या. विद्यार्थ्यांना घटनाक्रम पाठ झाला, पण मार्क कसा लिहितो आणि लूक कसा, हे एकालाही सांगता येत नव्हतं. तो तक्ता मी काढून टाकला आणि कागदावर रकाने आखायला लागलो.

सात उद्गारांकडे नंतर येऊ. आधी एक लहानसा उतारा घेऊ, कारण सगळी पद्धत त्यात सापडते.

कफर्णहूमचं एक घर. येशू आत बोलतो आहे, दारापर्यंत माणसं दाटली आहेत. काही लोक एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात. आत शिरायला वाव नाही, म्हणून ते छपरावर चढतात आणि वरून त्याला खाली सोडतात. ही गोष्ट मार्कच्या २ऱ्या अध्यायात आहे, मत्तयच्या ९व्या आणि लूकच्या ५व्या. एक आडवा कागद घ्या, तीन रकाने आखा, आणि तिन्ही उतारे हाताने उतरवून काढा. छापील वाचताना डोळा पुढे धावतो, लिहिताना हात अडखळतो, आणि जिथे हात अडखळतो तिथेच फरक असतो.

छपरापाशी थांबा. मार्क म्हणतो, त्यांनी छप्पर उघडलं आणि खणून भोक पाडलं. मूळ ग्रीकमधलं क्रियापद खणण्याचंच आहे. लूक म्हणतो, त्यांनी त्याला कौलांमधून खाली सोडलं. त्याचा शब्द आहे केरामोस, म्हणजे भाजलेल्या मातीचं कौल. आज आपण सिरॅमिक म्हणतो तो शब्द याच मुळातून आलेला. आणि मत्तयमध्ये छप्परच नाही. दारापाशी दाटी नाही, चढणं नाही, खाली सोडणं नाही. माणसाला आणलं, येशू बोलला, तो बरा झाला.

एका उन्हाळी शिबिरात मी हा उतारा फळ्यावर लिहिला होता. ‘छप्पर खणलं’ म्हणजे काय, हे कोकणातून आलेल्या मुलांना उमगेना. छप्पर काढतात, उतरवतात, शाकारतात, खणतात कसं? मागे बसलेल्या मराठवाड्यातल्या एका आजी म्हणाल्या, “माळवद असंल ना. माळवद खणावंच लागतं.” त्यांनी आपल्या माहेरचं घर सांगितलं: लाकडी सर, त्यावर किलच्या, त्यावर पाला आणि वर चोपलेली पांढरी माती. वर्षानुवर्षांच्या पुस्तकी वाचनातून मला जे एवढं स्वच्छ दिसलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात दिसलं. गालीलातली साधी घरं अशीच होती. कफर्णहूमच्या उत्खननात भिंती सापडल्या आहेत त्या काळ्या बसाल्टच्या, आपल्या सह्याद्रीच्या जातीच्याच दगडाच्या, आणि त्यांवर वासे, काटक्या, गवत आणि माती यांचं सपाट छप्पर असायचं. मार्कचं छप्पर गालीलचं आहे.

लूक मात्र लिहितो आहे रोमन जगातल्या ग्रीक बोलणाऱ्या शहरवासीयांसाठी. त्यांच्या डोक्यावर कौलं आहेत. ‘छप्पर खणलं’ वाचून ते त्या कोकणातल्या मुलांसारखेच गोंधळले असते. म्हणून लूकने माळवदाच्या जागी कौलारू घर उभं केलं. यात मला खोटेपणा दिसत नाही. आपल्या ऐकणाऱ्याला घर दिसावं म्हणून सांगणारा जे करतो तेच त्याने केलं. पण इतिहास म्हणून विचाराल, त्या दिवशी कफर्णहूममध्ये काय फुटलं, तर मी मार्कचं ऐकेन.

आता याच उताऱ्यात तिघे कुठे जुळतात ते बघा, कारण तुलनेचं अर्धं काम साम्य शोधण्याचं असतं. येशू शास्त्र्यांना म्हणतो, “मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करायचा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून”, आणि इथे वाक्य मध्येच तुटतं. निवेदक बोलतो, मग तो पक्षघाती माणसाला म्हणाला, आणि पुढे “ऊठ, आपली बाज उचल”. येशूचं वाक्य अर्धवट सोडून निवेदकाने मध्ये डोकावणं ही जरा ओबडधोबड रचना आहे. ती तिघांतही आहे, त्याच जागी. एकच प्रसंग तीन माणसांनी स्वतंत्रपणे आठवून सांगितला तर आशय जुळेल, एखादं ठसकेबाज वाक्यही जुळेल. पण निवेदकाने वाक्य कुठे तोडलं, हे जुळणार नाही. ते तेव्हाच जुळतं जेव्हा एकाने दुसऱ्याचं लिखाण समोर ठेवून लिहिलेलं असतं.

कोणी कोणाचं समोर ठेवलं? मत्तयचा रकाना पुन्हा वाचा. “त्यांचा विश्वास पाहून” येशू बोलला, असं तिन्हींत आहे. मार्कमध्ये आणि लूकमध्ये विश्वास डोळ्यांनी दिसतो: ही माणसं दुसऱ्याचं छप्पर फोडून खाली उतरवताहेत. मत्तयने छप्पर गाळलं, पण ‘पाहून’ ठेवलं. आजाऱ्याला उचलून आणणं हाही विश्वासच, हे मला मान्य आहे. तरी एवढी ठळक घटना मार्कने नंतर भर घालून रचली यापेक्षा मत्तयने गोष्ट आटोपशीर करताना ती सोडून दिली, हे मला जास्त पटतं. मत्तय हे सारखं करतो. मार्कच्या गोष्टी तो घेतो, त्यांतले बारकावे छाटतो आणि येशूच्या बोलण्याला जागा करून देतो.

शेवटही बघून घ्या. मार्कमधले लोक म्हणतात, “आम्ही असं कधीच पाहिलं नव्हतं.” लूकमधले म्हणतात, “आज आम्ही विलक्षण गोष्टी पाहिल्या.” हा ‘आज’ लूकचा लाडका शब्द आहे. आज तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे, असं देवदूत मेंढपाळांना म्हणतो तो लूकमध्ये. जक्कयाच्या घरी आज तारण झालं ते लूकमध्ये. मत्तयमधले लोक देवाचा गौरव करतात, कारण त्याने ‘माणसांना’ असा अधिकार दिला. अनेकवचन. क्षमा एका येशूने केली होती, मग माणसांना कसा? मत्तयच्या डोळ्यांसमोर त्याची मंडळी आहे, जिला पुढे १८व्या अध्यायात बांधण्याचा आणि मोकळं करण्याचा अधिकार मिळतो. लोकांच्या तोंडच्या एका प्रतिक्रियेत तीन लेखकांची तीन मनं दिसतात.

असे रकाने पुस्तकभर आखले की मोठं चित्र उभं राहतं. मार्कच्या साधारण ६६० ओव्यांतला जवळपास नव्वद टक्के मजकूर मत्तयमध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात येतो, आणि निम्म्याच्या आसपास लूकमध्ये. क्रमही मार्कचाच बहुतेक वेळा टिकतो. मत्तयने क्रम मोडला तर लूक मार्कसोबत असतो, लूकने मोडला तर मत्तय. ही तीन पुस्तकं एका नजरेत शेजारी शेजारी बघता येतात म्हणून त्यांना सिनॉप्टिक म्हणतात. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क आधी, इसवी सन ७० च्या आगेमागे, म्हणजे रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं त्या सुमारास. मत्तय आणि लूक त्यानंतरच्या दशकांत. योहान शतकाच्या अखेरीस. लूक तर स्वतःच सांगतो. पहिल्याच ओव्यांत थियफिल महाराजांना तो लिहितो की बऱ्याच जणांनी हे आधी लिहून काढायचं हाती घेतलं आहे आणि आपणही मुळापासून शोध घेऊन लिहितो आहोत.

मार्कमध्ये नसलेला, पण मत्तय आणि लूक या दोघांत असलेला मजकूरही बराच आहे, दोनशेहून अधिक ओव्या, मुख्यतः येशूची वचनं. तो त्यांनी एका हरवलेल्या वचनसंग्रहातून घेतला असावा, असं अनेक जण मानतात. जर्मनमधल्या उगम या अर्थाच्या शब्दावरून त्या संग्रहाला ‘क्यू’ म्हणतात. याची एकही प्रत कधी सापडलेली नाही. दुसरा गट म्हणतो, असं काही नव्हतंच, लूकने मत्तय वाचला होता. आपल्या पक्षघाती माणसाच्या गोष्टीतही या वादाचं खाद्य आहे. मार्क त्या माणसाच्या अंथरुणाला क्राबात्तोस म्हणतो. हा बोलीतला शब्द आहे, गरिबाची पथारी. मत्तय आणि लूक दोघेही सुरुवातीला त्या जागी क्लिने हा बऱ्या घरचा शब्द घालतात, आणि दोघेही शेवटी तो ‘आपल्या घरी गेला’ असं लिहितात, जे मार्कने लिहिलेलं नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मार्क सुधारला आणि योगायोगाने जुळला, की एकाने दुसऱ्याचं पाहिलं? मी पूर्वी क्यू ठामपणे शिकवत असे. अशा जागा जमत गेल्या तसा माझा ठामपणा कमी झाला. मार्क आधी, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका उरलेली नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण व्यासपीठावरून ती फार वेळा चुकीची सांगितली जाते. ‘अपघाताचे चार साक्षीदार चार तऱ्हांनी सांगतात, म्हणूनच साक्ष खरी’ हा दाखला तुम्हीही ऐकला असेल. पहिल्या तिघांना तो लागू पडत नाही. मत्तय आणि लूक हे मार्कशेजारी उभे राहून तोच अपघात पाहणारे वेगळे साक्षीदार नाहीत. ते मार्कचा जबाब हातात घेऊन लिहिताहेत. त्यांनी शब्द बदलला असेल तर बहुतेक वेळा विचारपूर्वक बदलला आहे. म्हणून तिथे ‘आठवणीतला फरक’ म्हणून पुढे जायचं नाही. का बदलला, हा प्रश्न विचारायचा. नासरेथात येशूला काही अद्भुत कृत्य ‘करता आलं नाही’ असं मार्क म्हणतो. मत्तय म्हणतो त्याने तिथे फार कृत्यं ‘केली नाहीत’. वादळात शिष्य मार्कमध्ये येशूवर जवळजवळ चिडतात, “गुरुजी, आपण बुडतो आहोत याची तुम्हाला काळजी नाही का?”, मत्तयमध्ये तीच माणसं प्रार्थना करतात, “प्रभुजी, वाचवा.” मत्तयला प्रभूविषयी आणि प्रेषितांविषयी आदर राखायचा आहे. मार्कला धारदार क्षण तसाच ठेवायचा आहे. त्या नावेत येशू उशीवर डोकं टेकून झोपला होता, ही उशीसुद्धा फक्त मार्कलाच माहीत आहे.

योहान वेगळा. त्याच्याकडे पहिल्या तिघांसारखे दाखले नाहीत, भुतं काढणं नाही, डोंगरावरचं प्रवचन नाही. काना गावचं लग्न, निकदेम, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, लाजर हे सगळे फक्त त्याच्याकडे. मंदिरातून व्यापाऱ्यांना हुसकावण्याचा प्रसंग पहिल्या तिघांत शेवटच्या आठवड्यात येतो, योहानात तो अगदी सुरुवातीला, २ऱ्या अध्यायात आहे. येशूने हे दोनदा केलं असं म्हणून पुष्कळ जण सुटका करून घेतात. मला ते पटत नाही. अशा कृत्यानंतर मंदिराच्या अधिकाऱ्यांनी दोन-तीन वर्षं काहीही केलं नाही, हे मानायला कठीण आहे. मला वाटतं योहानने हा प्रसंग प्रस्तावनेसारखा पुढे आणला, पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते वाचकाला आधीच कळावं म्हणून.

पण योहान फक्त चिंतनाचा आणि बाकीचे तिघे इतिहासाचे, अशी वाटणी करू नका. शेवटच्या जेवणाची तारीख बघा. मार्क, मत्तय आणि लूक यांच्या मते ते वल्हांडणाचं, म्हणजे यहुद्यांच्या मोठ्या सणाचं, भोजन होतं, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिलं ते सणाच्या दिवशी. योहानात येशूला रोमी सुभेदार पिलातासमोर नेताना यहुदी पुढारी आत जात नाहीत, कारण त्यांना अजून वल्हांडणाचं भोजन करायचं आहे. म्हणजे त्या दुपारी मंदिरात वल्हांडणाचे कोकरे कापले जात होते. शुक्रवार चौघांनाही मान्य आहे, फरक सणाच्या तिथीचा आहे. ‘देवाचा कोकरा’ ही योहानची आवडती प्रतिमा, म्हणून त्याने तारीख बदलली असं सहज म्हणता येतं. तरी मला योहानचीच तिथी जास्त संभवनीय वाटते, आणि त्याचं कारण मार्कनेच दिलं आहे: १४व्या अध्यायाच्या आरंभी पुढारी आपसात ठरवतात की सणात नको, लोकांत गोंधळ उडेल. ऐन सणाच्या रात्री धरपकड, सभा आणि खटला हे त्या ठरावाशी जुळत नाही.

आता तुमचे सात उद्गार. त्यांना पुन्हा आपापल्या घरी पाठवा आणि एकेका घरी जाऊन बसा.

मार्कच्या घरी भयंकर शांतता आहे. दुपारी अंधार पडतो. शिष्य कधीच पळाले आहेत, दोन्ही बाजूंचे लुटारूही निंदा करताहेत. येशू एकदाच बोलतो, तेही त्याच्या मायबोलीत, अरामीत: “एलोई, एलोई, लमा सबख्थनी?” माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? हा जुन्या करारातल्या २२व्या स्तोत्राचा पहिला चरण. मग एक मोठी आरोळी, शब्दांवाचून, आणि प्राण जातो. तेव्हा समोर उभा असलेला रोमी शताधिपती, एक परका, म्हणतो की खरोखर हा माणूस देवाचा पुत्र होता. मार्कचं सगळं पुस्तक या क्षणाकडे धावत आलेलं आहे. पुस्तकभर चाळीसेक वेळा ‘लगेच’, ‘तत्काळ’ म्हणत पळणारा हा लेखक इथे थांबतो.

लूकच्या घरी येशू कोणालाही एकटं सोडत नाही. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो (ही ओवी काही फार जुन्या हस्तलिखितांत नाही, हे माहीत असू द्या). शेजारच्या गुन्हेगाराला म्हणतो, “आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील”, आणि पुन्हा तोच ‘आज’. शेवटी म्हणतो, “हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.” हेही स्तोत्रच आहे, ३१वं. लूकपुढे मार्क होता, म्हणजे २२वं स्तोत्र त्याला माहीत होतं. विलापाचं स्तोत्र बाजूला ठेवून त्याने भरवशाचं स्तोत्र घेतलं. का, ते त्याच्याच दुसऱ्या पुस्तकात कळतं. प्रेषितांच्या कृत्यांत विश्वासासाठी मारल्या गेलेल्या स्तेफनावर दगडांचा वर्षाव होतो तेव्हा तोही आपला आत्मा सोपवतो आणि मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. छळात मरण आलंच तर कसं मरावं, हे लूक आपल्या वाचकांना प्रभूच्या मरणातून शिकवतो आहे. त्याचा शताधिपतीही ‘देवाचा पुत्र’ म्हणत नाही, हा माणूस नीतिमान होता असं म्हणतो.

योहानच्या घरी येशू शेवटपर्यंत सगळ्याचा धनी आहे. अंधार नाही, आक्रोश नाही. आईला प्रिय शिष्याच्या हाती देतो, शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून “मला तहान लागली आहे” म्हणतो, आणि “पूर्ण झालं आहे” असं म्हणून स्वतः मान लववतो.

शेवटचा शब्द कोणता होता, तर इतिहासाच्या अंगाने मी मार्ककडे झुकतो. प्रभूच्या तोंडी देवाने टाकल्याची तक्रार घालावी असं कोणत्याही भक्ताला आपणहून सुचणार नाही, आणि ती अरामी भाषेत जपली गेली आहे. पण माझ्या वर्गात ऐन तिशीतला मुलगा गमावलेली एक आई होती. तिला लूकचं ‘तुझ्या हाती’ वाचवत नसे, मार्कचं ‘का केलास’ ती रोज वाचत असे. सातही उद्गार एका दमात म्हटले असते तर तिला तिचा उद्गार सापडला नसता, कारण ‘का केलास’ च्या पाठोपाठ ‘पूर्ण झालं’ येऊन तो पुसून गेला असता.

चौघांचं एक करण्याची ओढ फार जुनी आहे. इसवी सन १७० च्या सुमारास तातियानने चारही पुस्तकं विणून एक सलग चरित्र केलं, त्याचं नाव दियातेस्सरोन, म्हणजे चारांमधून. सिरियाच्या मंडळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत वाचलं गेलं. पाचव्या शतकात थिओदोरेत नावाच्या बिशपने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून काढून घेतल्या आणि जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं दिली. त्याआधी चौथ्या शतकाच्या आरंभी युसेबियस या बिशपने यापेक्षा फार सुंदर वाट काढली होती. त्याने मजकुराला हात लावला नाही. चारही पुस्तकांचे छोटे भाग पाडून त्यांना क्रमांक दिले, मत्तयचे ३५५, मार्कचे २३३, लूकचे ३४२ आणि योहानचे २३२, आणि कोणता भाग कोणाशी जुळतो हे दाखवणारे दहा तक्ते केले. वाचक आपापलं पुस्तक वाचता वाचता समासातला क्रमांक पाहून दुसऱ्याकडे डोकावू शकत असे. आजच्यासारखे शेजारी शेजारी रकाने छापले ते जर्मनीत ग्रीसबाखने, १७७६ मध्ये.

आपल्याकडेही विणकाम झालं आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. त्यातल्या दुसऱ्या पुराणात मराठी ओव्यांमधून येशूचं चरित्र सलग येतं, चौघांचं मिळून एक. तिथे मला तक्रार करावीशी वाटत नाही. पुराण ऐकायला बसलेल्या माणसाला कथा अखंड हवी असते, रकाने नकोत. गाण्यासाठी विणलेलं वस्त्र वेगळं आणि अभ्यासासाठी सुटे ठेवलेले धागे वेगळे. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण विणलेलं वस्त्रच मूळ पुस्तक समजतो. नाताळच्या गोठ्यात मेंढपाळ आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, शेजारी उभे असतात. पण मेंढपाळ आणि गव्हाणी फक्त लूकमध्ये, मागी, तारा आणि हेरोद फक्त मत्तयमध्ये. मत्तयमध्ये मागी घरात येतात, गोठ्यात नाही. काळाचाही पेच आहे: हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला, आणि लूक ज्या रोमी सुभेदार क्विरिनियाच्या शिरगणतीचा उल्लेख करतो ती इतिहासात इसवी सन ६ ची. दोघांना एका गोठ्यात बसवायच्या खटपटीत बऱ्याच विद्वानांची आयुष्यं गेली. माझ्या मते तो वेळ मत्तयच्या वंशावळीतल्या तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको या चार स्त्रिया तिथे का आहेत, याचा विचार करण्यात जास्त सत्कारणी लागला असता.

सुरुवात कशी करायची ते आता सांगतो. आधी मार्क एका बैठकीत वाचा, दीड-दोन तास लागतात. शक्य तर कोणीतरी मोठ्याने वाचावं. त्याचा शेवट १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीपाशी थांबवा, कारण सर्वांत जुनी पूर्ण हस्तलिखितं तिथेच संपतात: स्त्रिया कबरेपासून पळाल्या आणि भीतीपोटी कोणाला काही बोलल्या नाहीत. त्या शेवटाने अस्वस्थ व्हा, मग मत्तय उघडा. रकान्यांसाठी तीन रंगांच्या पेन्सिली पुरतात: तिघांत सारखं ते एका रंगात, दोघांत सारखं ते दुसऱ्या, एकट्याचं ते तिसऱ्या. ग्रीक येत नसेल तर दोन मराठी भाषांतरं जवळ ठेवा, कारण एकाच भाषांतरात क्राबात्तोस आणि क्लिने यांसारखे फरक सहज बुजतात. पंडिता रमाबाईंनी शेवटची वर्षं खपून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं भाषांतर मिळालं तर दुसरं म्हणून तेच घ्या.

सात उद्गारांवर लगेच काम करू नका, ते फार जड आहेत. पहिला सराव पाच हजारांच्या भोजनावर करा. पुनरुत्थानाच्या आधीचा हा एकच चमत्कार चौघांनीही लिहिला आहे: मत्तय १४, मार्क ६, लूक ९, योहान ६. चार रकाने आखा. भाकरी जवाच्या होत्या हे कोण सांगतो, गवत हिरवं होतं हे कोणी लिहिलं, आणि वल्हांडण सण जवळ आल्याचं कोणाकडे आहे, एवढं शोधा. गालीलात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळ्यात डोंगर करपून पिवळे होतात, हे लक्षात ठेवा. काय सापडलं ते मला कळवा, पुढचा उतारा तेव्हा ठरवू.